ज्येष्ठ आई-वडिलांचा आरोग्य विमा: सल्ला कोणाचा घ्यावा आणि त्याआधी काय तयार ठेवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आई ६४ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू आणि गुडघे दुखतात. आजवर दोघेही मुलाच्या कंपनीच्या समूह विम्यात होते, पण मुलगा वर्षभरात नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करणार आहे. ओळखीचा एजंट एक पॉलिसी सुचवतो, बँकेतून दुसरीसाठी फोन येतात आणि तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळावर तिसरीच सर्वांत वर दिसते. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि निवड नेमकी कशाच्या आधारे करावी?

मी पॉलिसी विकण्याच्या बाजूने या व्यवसायात आलो नाही. सुरुवातीची बरीच वर्षे मी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेत, रुग्णालयांतून आलेली कागदपत्रे वाचण्याचे काम केले आणि नंतर सल्ला देऊ लागलो. त्यामुळे माझे उत्तर उलट्या टोकाकडून येईल. दावा कोठे अडतो हे आधी पाहावे आणि त्यावरून पॉलिसी ठरवावी, अशी माझी पद्धत आहे. सल्लागाराकडून खरी मदत हवी असते ती आजारांची माहिती नीट मांडण्यासाठी आणि पॉलिसीतील चार-पाच कलमांचा अर्थ समजून घेण्यासाठी. कंपनीचे नाव त्यानंतर बऱ्याचदा आपोआप ठरते.

आधी सल्ला देणारे लोक कोण आहेत ते स्पष्ट करू. वैयक्तिक एजंट हा कायद्याने विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि त्याला एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक केवळ आरोग्य विमा करणारी कंपनी, एवढ्यांचेच आरोग्य विमे विकता येतात. तो अप्रामाणिक असतो असे अजिबात नाही, परंतु त्याच्या पिशवीत जे नाही ते तो दाखवू शकत नाही. बँकाही ठरावीक कंपन्यांशी करार करून विमा विकतात, आणि तेथे आज तुमच्याशी बोलणारा कर्मचारी दोन वर्षांनी त्याच शाखेत असेल याची खात्री नसते. ब्रोकर हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो आणि त्याला अनेक कंपन्यांच्या पॉलिसी दाखवता येतात. अर्थात त्याचेही उत्पन्न कंपनीकडून मिळणाऱ्या कमिशनमधूनच येते, हे विसरू नये. तुलना करणारी संकेतस्थळे आकडे पाहण्यासाठी उपयोगी आहेत, पण तिसाव्या वर्षी विमा घेणाऱ्यासाठी जी पॉलिसी उत्तम असते तीच बारा वर्षे मधुमेह असलेल्या माणसासाठीही तशीच असेल असे नाही, आणि यादीचा क्रम हे सांगत नाही.

म्हणून सल्लागाराच्या पदनामापेक्षा मी त्याच्या पहिल्या पाच मिनिटांकडे पाहतो. वय आणि विम्याची रक्कम विचारून जो लगेच हप्त्याचा आकडा सांगतो, तो विक्रेता आहे असे समजावे. जो आधी गोळ्यांची नावे विचारतो, पूर्वी रुग्णालयात दाखल झाल्याचे कागद मागतो आणि जुन्या पॉलिसीत कोणते दावे झाले हे लिहून घेतो, त्याच्याशी पुढे बोलावे. त्याला एक प्रश्न मी आवर्जून विचारायला सांगतो: तुमच्या ग्राहकाचा अलीकडे नाकारला गेलेला एखादा दावा कोणता आणि तुम्ही त्यात काय केले? आमचा एकही दावा कधी नाकारला गेला नाही असे उत्तर आले, तर त्याच्याकडे फारसे दावे आलेच नसावेत, एवढेच त्यावरून कळते.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण ज्येष्ठांच्या विम्यात सर्वाधिक नुकसान येथे होते. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, आजारांविषयीचे प्रश्न असतात आणि विकणाऱ्याला घाई असली की सर्व रकान्यांत 'नाही' अशी खूण होते. रक्तदाब काय सगळ्यांनाच असतो, ते लिहायची गरज नाही, असेही सांगितले जाते. पुढे काय होते ते पाहा. दोन वर्षांनी रात्री अकरा वाजता छातीत दुखते म्हणून वडिलांना रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले जाते. ड्युटीवरील डॉक्टर विचारतात, शुगर किती वर्षांपासून आहे? घाबरलेला भाचा किंवा शेजारी सांगून टाकतो, पंधरा-वीस वर्षे झाली असतील. डॉक्टर केस पेपरवर वीस वर्षे लिहितात, तोच आकडा डिस्चार्ज समरीत उतरतो, आणि दावा तपासणाऱ्याच्या टेबलावर एका बाजूला 'मधुमेह नाही' म्हणणारा फॉर्म आणि दुसऱ्या बाजूला वीस वर्षांचा मधुमेह सांगणारा कागद येतो. अशी प्रकरणे मी इतक्या वेळा हाताळली आहेत, की कॅज्युअल्टीतील ती एक ओळ मला पॉलिसीच्या पहिल्या पानाइतकीच महत्त्वाची वाटते.

यावर उपाय साधा आहे. आई आणि वडील यांच्यासाठी प्रत्येकी एक पान तयार करावे. त्यावर आजाराचे नाव, निदान झालेला महिना आणि वर्ष, सध्याच्या गोळ्या आणि त्यांची मात्रा, झालेल्या शस्त्रक्रिया, रुग्णालयात राहिलेले दिवस आणि अलीकडच्या तपासण्यांचे आकडे लिहावेत. निदानाचे वर्ष आठवत नसेल, तर जुन्या फाइलमधील पहिल्या प्रिस्क्रिप्शनवरून किंवा तपासणीच्या अहवालावरून ते शोधावे. हेच पान सल्लागाराला द्यावे, यावरूनच फॉर्म भरावा, आणि याचीच प्रत घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावी, म्हणजे रुग्णालयात कोणीही गेले तरी आठवणीवर विसंबून आकडा सांगितला जाणार नाही. आईंचे गुडघे दुखतात हेही लिहावे. डॉक्टरांना दाखवले असेल आणि एक्स-रे काढला असेल, तर ते दुखणे किरकोळ नव्हे, नोंदीतले आहे.

खरे लिहिले तर पॉलिसी नाकारतील, ही भीती अनाठायी नाही. कंपनी नाकारू शकते, हप्ता वाढवू शकते किंवा अटी घालू शकते. परंतु खोटे लिहून मिळालेली पॉलिसी ही हप्ता भरूनही गरजेच्या वेळी हाती न लागणारी गोष्ट आहे. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. काही विक्रेते याच नियमाचा आधार घेऊन पाच वर्षे काढा म्हणजे झाले, असे सुचवतात. ६८ वर्षांच्या मधुमेही माणसाने पाच वर्षे रुग्णालयाशिवाय निघतील अशा हिशेबावर विमा घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतचा काळ, १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला आहे. पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. काही पॉलिसींत जास्त हप्ता घेऊन तो बराच कमी करून मिळतो, आणि वडिलांच्या बाबतीत त्या जास्त हप्त्याचा विचार गांभीर्याने करावा असे माझे मत आहे. याशिवाय मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, मूतखडे आणि सांधेरोपण अशा ठरावीक आजारांसाठी वेगळा कालावधी असतो, तो बहुतेक पॉलिसींत २४ महिन्यांचा दिसतो. आईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी करायची असे मनात असेल, तर नव्या पॉलिसीतून तिचा खर्च मिळणार नाही. ती करणे डॉक्टरांच्या मते खरोखर आवश्यक असेल, तर समूह विमा चालू असतानाच करून घेण्याचा विचार व्हावा, कारण मोठ्या कंपन्यांच्या समूह विम्यात बहुधा जुने आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात.

यापुढचे कलम खोलीभाड्याचे. ते समजून घेतल्याशिवाय सही करू नये, म्हणून येथे थोडा हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे असावेत म्हणून मी ठरवलेले आहेत. विम्याची रक्कम ५ लाख रुपये आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. वडिलांना सोय व्हावी म्हणून तुम्ही १०,००० रुपयांची खोली घेतली आणि ते चार दिवस राहिले. बिल ३ लाखांचे झाले: खोली ४०,०००, डॉक्टर, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि शुश्रूषा मिळून १,६०,०००, औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या १,००,०००. अनेकांना वाटते, की खोलीच्या भाड्यातला २०,००० रुपयांचा फरक तेवढा खिशातून जाईल. प्रत्यक्षात खोलीचा दर निम्माच मान्य असल्याने खोलीशी निगडित १,६०,००० रुपयांच्या खर्चातूनही निम्मेच, म्हणजे ८०,००० रुपये मंजूर होतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लागू करता येत नाही, त्यामुळे ते १,००,००० पूर्ण धरले जातात. मान्य रक्कम झाली २ लाख. आता या पॉलिसीत २० टक्के को-पे, म्हणजे मान्य रकमेतला ग्राहकाने स्वतः भरायचा वाटा, असेल, तर त्यातील ४०,००० रुपये पुन्हा तुमचे. ३ लाखांच्या बिलात कंपनीने दिले १,६०,००० आणि तुम्ही भरले १,४०,०००. तेही ५ लाखांची पॉलिसी असताना आणि दावा मंजूर झालेला असताना.

ज्येष्ठांसाठी म्हणून खास विकल्या जाणाऱ्या स्वस्त पॉलिसींमध्ये खोलीभाड्याची मर्यादा, को-पे आणि मोतीबिंदूसारख्या उपचारांची कमाल रक्कम ही तिन्ही कलमे पुष्कळदा एकत्र आढळतात. को-पेला माझा सरसकट विरोध नाही. हप्ता आवाक्यात राहणार असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर १० किंवा २० टक्के को-पे स्वीकारता येतो, कारण त्यातले नुकसान आधी मोजता येते. खोलीभाड्याची मर्यादा मात्र शक्य तितकी टाळावी. ती बिलभर पसरते आणि ऐन वेळी रिकामी खोली कोणत्या दराची आहे यावर सारे अवलंबून राहते. निदान सिंगल प्रायव्हेट खोलीपर्यंत मुभा असावी.

आता तुमच्या परिस्थितीविषयी. सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे नोकरी सोडण्याचा दिवस येईपर्यंत थांबू नये. समूह विमा चालू असतानाच वैयक्तिक पॉलिसी घेतली, तर तिचा प्रतीक्षा कालावधी आजपासूनच मोजला जाऊ लागतो आणि मधल्या काळात समूह विम्याचे छत्र असते. वर्षभराचा दुहेरी हप्ता काहींना वायफळ वाटतो. माझ्या मते ज्येष्ठांच्या विम्यावर केलेला हा सर्वांत उपयोगी खर्च आहे. दुसरे असे, की समूह विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय आहे. कंपनी अर्जाची छाननी करते, पण मागील सलग वर्षे प्रतीक्षा कालावधीत धरण्याचा लाभ मागता येतो. त्यासाठी मनुष्यबळ विभागाकडून आई-वडिलांची नावे असलेली दरवर्षीची प्रमाणपत्रे आताच मागून घ्या. नोकरी सोडल्यावर त्याच विभागाकडून तोच कागद मिळवायला महिने लागलेले मी पाहिले आहे.

दोघांची एकच फ्लोटर पॉलिसी घेऊ नये. अशा पॉलिसीत हप्ता मोठ्या वयाच्या व्यक्तीवर ठरतो, रक्कम दोघांत वाटली जाते आणि वडिलांच्या अर्जावरील शंका आईंच्या पॉलिसीलाही अडवू शकते. स्वतंत्र पॉलिसी घेतल्यास आईंचा अर्ज लवकर मंजूर होण्याची शक्यता आहे. रक्कम वाढवायची असेल, तर ५ किंवा १० लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या पुढचा खर्च देणारी जोड पॉलिसी, ही रचना बहुधा स्वस्त पडते. येथे 'सुपर' हा शब्द नीट पाहावा. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळी दाखल झाल्याचा खर्च स्वतंत्रपणे ठरलेल्या मर्यादेच्या वर जावा लागतो, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराचा एकत्रित खर्च धरला जातो. वय वाढले की एका वर्षात दोन-तीनदा दाखल व्हावे लागते, त्यामुळे साधा टॉप-अप ज्येष्ठांच्या फारसा उपयोगी पडत नाही.

हप्त्याचा विचार आजच्या आकड्यावर करू नये. वडील ७८ वर्षांचे होतील तेव्हा तो भरता येईल का, हे पाहावे. ३० जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीने आधी नियामकाशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटीही रद्द झाला आहे. जुन्या करप्रणालीने विवरणपत्र भरत असाल, तर ज्येष्ठ आई-वडिलांसाठी भरलेल्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, मात्र हप्ता रोखीने भरलेला नसावा.

सरकारी योजनेचा विचारही आताच करून ठेवावा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते, आणि जुन्या आजारांसाठी त्यात प्रतीक्षा कालावधी नाही. वडिलांना अजून दोन वर्षे आहेत. वय आधार कार्डावरून धरले जाते, त्यामुळे आधारवरील जन्मतारीख चुकीची असेल तर ती आताच दुरुस्त करावी. ही योजना यादीतील रुग्णालयांत आणि ठरलेल्या पॅकेजनुसारच चालते. तुमचे नेहमीचे रुग्णालय त्या यादीत आहे का, हे १४५५५ या क्रमांकावर विचारता येते. ते यादीत नसेल, तर खासगी पॉलिसी सोडून देण्याचा विचार करू नये.

एक गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. आरोग्य विमा हा मुख्यतः रुग्णालयातील उपचारांचा विमा आहे. घरी ठेवलेला परिचारक, विस्मरणाच्या आजारात लागणारी दिवसभराची देखरेख, डायपर, रोजच्या गोळ्या यांचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीतून मिळत नाही, आणि अनेक घरांत उतारवयातील मोठा खर्च नेमका हाच असतो. म्हणून विम्याची रक्कम ताणून ५० लाखांवर नेण्याऐवजी ती मध्यम ठेवावी आणि उरलेले पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाकावेत, असे मी बहुतेक कुटुंबांना सुचवतो.

तक्रारीसाठी पैसे देऊन कोणाची मदत घेण्याची गरज नाही, हेही येथेच सांगतो, कारण नाकारलेले दावे मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारे लोक आता पुष्कळ झाले आहेत. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियामकाच्या बिमा भरोसा संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यासाठी एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे ही कार्यालये आहेत. नियामकाकडून बोलतो आहे, तुमचा बोनस अडकला आहे, असा फोन कोणी केला तर तो ठेवून द्यावा. नियामक कोणालाही विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

शेवटी प्रत्यक्ष खरेदीविषयी. फॉर्म एजंटाच्या मोबाइलवरून भरला जाणार असेल, तर त्याच्या शेजारी बसा, आजारांचे प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचायला सांगा आणि सर्व वाचून झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका; तो ओटीपी म्हणजे वडिलांची सही आहे. पॉलिसी आल्यावर सोबत ग्राहक माहितीपत्रक येते, त्यात प्रतीक्षा कालावधी, मर्यादा आणि को-पे हे सारे थोडक्यात दिलेले असते. ते मराठीतून हवे असल्यास कंपनीकडे मागता येते. त्याच पाकिटात किंवा ईमेलमध्ये तुम्ही भरलेल्या फॉर्मची प्रतही असायला हवी. ती तुमच्या आजारांच्या पानाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. एखादा आजार सुटला असेल, गोळीचे नाव चुकले असेल किंवा 'नाही' अशी खूण झाली असेल, तर त्याच दिवशी कंपनीला ईमेलने कळवून दुरुस्तीची पोच घ्या. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि वैद्यकीय तपासणीसारखा किरकोळ खर्च वजा जाता हप्ता परत मिळतो. दुरुस्तीनंतर कंपनीने घातलेल्या अटी मान्य नसतील, तर या मुदतीत पॉलिसी परत करून दुसरीकडे अर्ज करायला वेळ उरतो, आणि तोवर समूह विमा चालूच असतो.